निवृत्तीनंतर कॅम्परव्हॅनने कोकण किनारा: मासेमारीच्या गावांतून उन्हाळी प्रवासाबद्दल मार्गदर्शन हवे आहे

वारजेकर_उभयता

नमस्कार. आम्ही उभयता पुण्यात वारजे येथे राहतो. मी कारखान्यातील नोकरीतून आणि पत्नी शाळेतून निवृत्त झालो असून दोघांचीही साठी उलटली आहे. एप्रिलच्या अखेरीस ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, आत झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेली कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन मेच्या मध्यापर्यंत कोकण किनाऱ्याने खाली जाण्याचा बेत आहे. ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे हरिहरेश्वर, तेथून बाणकोटची खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णे, पुढे दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले, व परतताना आंबोली घाट, असा मार्ग कागदावर तरी आखला आहे.

देवळे आणि किल्ले आम्ही पूर्वी पाहिलेले आहेत. या वेळी मासेमारीच्या गावांत राहावे, नौका कधी येतात, लिलाव कसा होतो, माणसे कशी राबतात हे सावकाश पाहावे, एवढीच इच्छा आहे. पत्नी चित्रे काढते, त्यामुळे तिला एका जागी तासन् तास बसायला आवडते. माझ्या मनात मात्र काही शंका आहेत. एवढी मोठी गाडी खाडीच्या फेरीबोटीत चढते का, रात्री ती बंदराजवळ उभी केल्यास गावाला अडचण होईल का, आणि मे महिन्यात विजेची व पाण्याची सोय कशी करावी? गाडी मीच चालवणार आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दापोलीचा_जावई

आपला बेत उत्तम आहे, फक्त त्यातली निम्मी गावे गाळावीत असे मी सुचवेन. रोज नव्या गावी मुक्काम ठेवल्यास आपला वेळ गाडी लावण्याची जागा शोधण्यातच जाईल. हर्णे, गुहागर आणि मालवण अशी तीन ठिकाणे धरून प्रत्येक ठिकाणी चार-पाच दिवस राहिलात, तर बाकीची गावे तेथून रिक्षाने किंवा एसटीने सहज पाहता येतील. केळशी, आंजर्ले, मुरूड या गावांतले रस्ते दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून जातात. समोरून एसटी आली तर कोणी मागे जायचे हा प्रश्न पडतो, आणि वर वाडीतल्या माडांच्या झावळ्या व लोंबकळत्या तारा असतात. गाडीची उंची व रुंदी एका चिठ्ठीवर लिहून ती समोरच्या काचेजवळ चिकटवून ठेवावी.

हर्णेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याला जे पाहायचे आहे ते तेथे सर्वाधिक उघडपणे दिसते. दुपार कलली की सुवर्णदुर्गाच्या अंगाने नौका परतू लागतात. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असल्यामुळे मोठ्या नौका आत खोल पाण्यात नांगर टाकतात आणि मासळी लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून वाळूवर आणली जाते. चाकाच्या तुंब्यापर्यंत पाण्यात शिरलेली बैलगाडी, तिच्यावर रचलेल्या टोपल्या आणि बैलांना वळवताना गाडीवानाची चाललेली हाकाटी हे दृश्य आपल्या पत्नीला नक्कीच आवडेल. टोपल्या ओल्या वाळूवर ओतल्या की त्या ढिगाभोवती कोंडाळे जमते आणि बोली सुरू होते. त्यात स्त्रियांचा आवाज सर्वांत वर असतो. सुरमई आणि पापलेटाचा ढीग बोलता बोलता उठतो. मांदेली, बांगडे व कोळंबीच्या ढिगांवर घासाघीस अधिक होते. एकीकडे बर्फाच्या लाद्या फोडण्याचे काम चाललेले असते. ही सगळी धांदल लोकांच्या पोटापाण्याची असल्याने मध्ये उभे राहू नये, आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. चित्र काढणाऱ्या व्यक्तीकडे मात्र लोक स्वतःहून येऊन वाकून पाहतात, असा माझ्या मेहुणीचा अनुभव आहे.

गाडी बंदरावर नेऊच नये. मासळी नेणारे टेम्पो व ट्रक ऐन लिलावाच्या वेळी तेथे मागेपुढे होत असतात आणि बाहेरची एक गाडी आडवी उभी राहिली तरी सर्वांचा खोळंबा होतो. गावाबाहेर, आवार मोठे असलेल्या एखाद्या घरगुती निवासाच्या मालकांशी आधी बोलून, एका खोलीइतके भाडे देऊन अंगणात गाडी लावावी. वीज, पाणी आणि शौचालयाचा प्रश्न त्यातच सुटतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. त्यामुळे हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे व तारकर्ली येथील पर्यटन महामंडळाच्या निवासांत आधी फोन करून विचारण्यास हरकत नाही.

फेरीबोटींचे म्हणाल तर त्या गाड्यांसाठीच आहेत. बागमांडला ते वेसवी ही सावित्रीच्या खाडीवर, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीवर आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीच्या खाडीवर चालते. आपल्या मापाची वाहने त्यांतून जातात. अडचण येते ती उतरणीची. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार लांब व तीव्र होतो आणि मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा जो भाग लोंबतो, तो चढताना किंवा उतरताना जमिनीला घासतो. म्हणून भरतीच्या आसपासची फेरी धरावी. भरतीचा हिशेब किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीवरून करतात: तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल असते. भिंतीवरचे कॅलेंडर सोबत घेतलेत तर एवढे काम भागते. उधाणाच्या दिवसांत पुळणीच्या कडेला गाडी उभी करून फिरायला जाऊ नये, आणि पुळणीवर तर ती मुळीच उतरवू नये.

बॅटरी_इन्व्हर्टर

विजेबाबत हिशेब स्पष्ट असावा, म्हणून आकड्यांत लिहितो. अशा गाड्यांमध्ये घरगुती वापरासाठी वेगळी बॅटरी असते. ती १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात सुमारे २.४ युनिट वीज साठते. दिवे, दोन पंखे, मोबाइल आणि लहान फ्रिज यांना ती रात्रभर पुरते. एक टनाचा वातानुकूलक मे महिन्यातील दमट हवेत तासाला जवळपास एक युनिट ओढतो, म्हणजे केवळ बॅटरीवर तो दोन तासांपलीकडे टिकणार नाही. झोपेसाठी वातानुकूलन हवे असेल, तर जोडणीची सोय असलेल्या अंगणातच मुक्काम करावा लागेल. जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटमधून, अर्थिंग तपासून आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरनेच घ्यावी. वायरचे वेटोळे पूर्ण उलगडावे. गुंडाळलेली वायर तापते आणि तिचे आवरण वितळू शकते.

स्वयंपाकाच्या गॅससाठी लहान सिलिंडर, गळती दाखवणारा गजर आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर, या तिन्ही गोष्टी गाडी ताब्यात घेतानाच मालकाकडून दाखवून घ्याव्यात. झोपताना शेगडी व इंजिन बंद, आणि छताचे झडप थोडे उघडे.

पाण्याविषयी अधिक काळजी घ्यावी, असे मला वाटते. कोकणात पाऊस उदंड पडतो, तरी जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि मे महिन्यात अनेक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. काही ठिकाणी टँकर सुरू असतो. अशा वेळी गावच्या नळावर शंभर लिटरची टाकी लावून उभे राहणे बरे दिसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी टाकी भरून घ्यावी आणि पिण्यासाठी वीस लिटरचे जार वेगळे ठेवावेत. शौचालयाची टाकी खाडीत किंवा ओढ्यात कधीही रिकामी करू नये. मुक्कामाच्या घरी मालकाची परवानगी घेऊन, सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच ती ओतावी.

आपण स्वतः चालवणार आहात म्हणून परवान्याचेही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्यास एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवता येते. नोंदणी प्रमाणपत्रावरील वजन व वाहनाचा प्रकार पाहून घ्यावा, आणि परवान्याची मुदतही. पंचावन्न वर्षांनंतर तो एका वेळी पाच वर्षांसाठीच नूतनीकृत होतो.

रास्तापेठी

माझे मत वेगळे आहे. दोन माणसांसाठी एवढे धूड ताम्हिणीतून उतरवण्यापेक्षा आपली साधी मोटार न्यावी आणि गावात घरगुती खोली घ्यावी. वर म्हटल्याप्रमाणे खोलीइतके भाडे द्यायचेच असेल, तर मेच्या घामात पत्र्याच्या डब्यात झोपण्याचे प्रयोजन मला कळत नाही.

वारजेकर_उभयता

सर्वांचे आभार. रास्तापेठी यांचा मुद्दा पत्नीने दोनदा वाचून दाखवला. तथापि, मला मधुमेह आहे, तिच्या गुडघ्यांना भारतीय पद्धतीचे शौचालय चालत नाही, आणि दुपारी अर्धा तास आडवे होण्याची सोय, औषधांसाठी फ्रिज व स्वतःचे स्वयंपाकघर सतत सोबत असणे यासाठीच आम्ही व्हॅनचा विचार केला. मुक्काम मात्र तीनच ठेवू. मालवणकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे, पाहायला मिळेल का, आणि मी स्वतः मासे खात नसल्याने तेथे अवघडल्यासारखे होईल का, हेही कोणी सांगावे.

आचऱ्याची_लेक

काका, मासे न खाणाऱ्याला मालवणात कोणी काही म्हणणार नाही. काजूची उसळ, फणसाची भाजी आणि सोलकढी असताना आपण उपाशी राहणार नाही. काकूंचे ताट वेगळे लागेल, एवढेच.

रापण दिसेल, पण तिची वेळ घड्याळावर ठरत नाही. मासळीचा थवा किनाऱ्याजवळ आल्याचा अंदाज आला की होडी अर्धवर्तुळात फिरून जाळे सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग पंधरा-वीस माणसे एकेका दोराला लागतात आणि तालात मागे सरकत ओढतात. ओढणे बराच वेळ चालते. जाळ्याचा मधला भाग जवळ आला की वर पक्ष्यांची झुंबड उडते, आणि मग तारली, बांगडे किंवा कधी नुसता कचरा व जेलीफिश हाती लागतात. मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. दोराला हात लावला तर आपल्यालाही मूठभर मासळी मिळेल. ती नाकारू नये, काकूंच्या पिशवीत टाकावी. आचरा, तारकर्ली आणि निवती या किनाऱ्यांवर पहाटे चौकशी करावी.

या भागात पर्ससीन जाळ्यांचा, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढून तळातून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा, विषय निघाला तर ऐकून घ्यावे, लगेच मत देऊ नये. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरीही मोठ्या जाळ्यांनी आणि प्रखर दिव्यांनी बाहेरच मासळी उचलली जाते, किनाऱ्यापर्यंत ती येतच नाही, ही रापणकारांची तक्रार आहे, आणि तीवरून समुद्रात संघर्षही झालेले आहेत.

एक बदल मी सुचवेन. मालवण शेवटी न ठेवता तेथून सुरुवात करावी. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीची बंदी असली तरी मेच्या उत्तरार्धात वारा फिरला की समुद्र खवळू लागतो, रापणी थांबतात आणि होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात. हर्णेसारखे मोठे बंदर त्यानंतरही काही दिवस चालू राहते. म्हणून जाताना कोल्हापूर, आजरा आणि आंबोलीमार्गे थेट खाली उतरावे आणि किनाऱ्याने उत्तरेकडे येत ताम्हिणीतून पुण्याला परतावे. आंबोलीत वळवाच्या सरी लवकर सुरू होतात आणि धुके दाटले की मोठी गाडी चालवणे जड जाते. एप्रिलच्या अखेरीस दिवसाउजेडी घाट उतरलात तर तो त्रास होणार नाही. मधुमेहाची औषधे पूर्ण मुदतीची सोबत ठेवावीत. सावंतवाडी, मालवण व रत्नागिरी येथे औषधांची दुकाने आहेत, आणि पुढे चिपळूणजवळ डेरवणला मोठे रुग्णालय आहे. निवासाचे आरक्षण मात्र आजच करावे, कारण १ मेच्या आसपास जोडून सुट्ट्या आल्या की मालवणात अंगणसुद्धा रिकामे सापडत नाही.