मदत हवी आहे: आजीच्या सहीनं, पाचशेच्या स्टँप पेपरवर नात दत्तक देता येते का?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. गावाचं आणि मुलांचं नाव मुद्दाम देत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात, साठीच्या. लेक तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. जावई ट्रकवर क्लीनर. वर्षश्राद्ध झालं आणि जो गेला तो परत फिरकला नाही. फोनही बंद. दोन्ही नातवंडं मावशींकडे. मुलगी ९ वर्षांची, चौथीत आहे. धाकटा ५ वर्षांचा.

आता लांबच्या नात्यातलं पुण्याचं एक जोडपं मुलीला "कायमची घेतो" म्हणतंय. शिकवू, लग्न लावून देऊ, शिवाय मावशींना महिन्याला २००० रुपये पाठवू. फक्त मुलगी हवी, भाऊ नको. येत्या सोमवारी ५०० च्या स्टँप पेपरवर दत्तकपत्र करून नोटरी करायचं ठरलंय.

दिवाळीत तिला आठ दिवस नेलं होतं. आली तेव्हा मनगटावर भाजल्याचा डाग होता. मावशी म्हणाल्या, पोरंच ती, भाजतं. मीही तेव्हा सोडून दिलं, त्याचं आता फार वाईट वाटतं. परवा मी दूध तापवत होते, तर ही शेजारी उभी राहून सांगायला लागली, "काकू, बाळाची बाटली उकळताना झाकण वेगळं काढायचं, नाहीतर हात भाजतो." मग हळूहळू एकेक निघालं. त्यांना आठ महिन्यांची मुलगी आहे. रात्री हिला बाळाजवळ झोपवायचे, ते रडलं की हिनं उठायचं. शाळेचं नावही कुणी काढलं नाही.

तिला जायचंय का, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. धाकटा हल्ली तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपतो.

मावशींना तिचं भलं व्हावं असंच वाटतं, त्यांच्याबद्दल कृपया वाईट लिहू नका. त्यांचे गुडघे गेलेत, पैसा नाही. तक्रार केली तर सरकारी माणसं दोघांनाही उचलून आश्रमात टाकतील, ही भीती त्यांना आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही. काय करू?

प्रतिसाद

ताई, पहिलं काम म्हणजे सोमवारची सही थांबवा. बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद

मी काही वर्षं बालकल्याण समितीवर (निराधार मुलांच्या सांभाळाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या कागदाला दत्तक म्हणून काही किंमत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल देण्याचा हक्क आईवडिलांचा. आई नाही आणि वडिलांनी मूल टाकलंय, अशा वेळी सांभाळणाऱ्या पालकानं मूल द्यायचं ठरवलं तर त्याला आधी न्यायालयाची परवानगी लागते. दुसरं म्हणजे, स्वतःची मुलगी हयात असताना या कायद्यानं मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि त्यांना मुलगी आहे. दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं-घेणं हा तर गुन्हाच. ते दोन हजार मावशींनाही अडचणीत आणतील. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला यात दत्तक दिसत नाही, बाळ सांभाळायला फुकटची पोर दिसते.

आश्रमाची भीती समजते. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय. आजी प्रेमानं सांभाळतेय, भावंडं एकत्र आहेत, तर समिती आधी तेच घर टिकवायला बघते. त्यासाठीच आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे: एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये, म्हणजे दोघांचे ४५००. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. आईचा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक तयार ठेवा. मुलीचं म्हणणं समितीपुढे ऐकून घेतलं जातं, तो तिचा हक्क आहे.

डागाबद्दल तिला खोदून खोदून विचारू नका. जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा आणि समितीला सांगा. तिला न्यायला कुणी अचानक दारात आलं, तर सरळ १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मावशींना ४५०० चा आकडा कागदावर लिहून दाखवला. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हंजे पोरगी द्यायला नको?" सोमवारची सही रद्द केली. मी त्यांच्यासोबत दोन्ही मुलांना घेऊन जिल्ह्याच्या ऑफिसला जाऊन आले. तिथल्या बाईंनी मुलीला बाजूला बसवून पंधरावीस मिनिटं ऐकलं. बाहेर आल्यावर तिनं भावाला बिस्किटाचा पुडा फोडून दिला आणि मला विचारलं, "काकू, उद्या शाळा आहे ना?"

आता एक अडलंय. आईचा मृत्यूचा दाखला मिळाला, पण वडील बेपत्ता आहेत हे कशानं दाखवायचं? पोलीस ठाण्यात नोंद करावी लागेल की सरपंचांचा दाखला चालेल? कुणी हे केलं असेल तर कृपया लवकर सांगा, गुरुवारी पुन्हा बोलावलंय.