मदत हवी आहे: वेजवुडच्या बशीवरचा ठसा १८७२ चा की १८९८ चा?

नमस्कार मंडळी,

आईच्या माहेरून आलेली एक मोठी लांबट बशी आमच्याकडे आहे. रंग सायीसारखा, नक्षी अजिबात नाही. पाठीमागे मातीतच दाबून उठवलेलं 'वेजवुड' हे इंग्लंडमधल्या भांडी बनवणाऱ्या कारखान्याचं नाव, खाली ओ, एस, ए अशी तीन इंग्रजी अक्षरं. पणजोबांनी ती मुंबईत, विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली, असं घरात सांगतात. मला तिचं साल ठरवायचं आहे.

जोसाया वेजवुडने १७५९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेम गावी स्वतःचा कारखाना काढला. लहानपणी देवी येऊन त्याचा पाय अधू झाला होता, तो १७६८ मध्ये कापावा लागला. तरी पुढच्याच वर्षी त्याने एट्रुरियाचा मोठा कारखाना सुरू केला! या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्याची सायीच्या रंगाची भांडी राणी शार्लटला आवडली आणि 'क्वीन्स वेअर' म्हणून गाजली. आमची बशी त्याच जातीची आहे.

ठसा खोटा वाटत नाही. 'वेजवुड अँड कंपनी' हा टनस्टॉलचा वेगळा कारखाना, आणि नावात एक 'ई' जास्त घालून माल खपवणारेही होते. इथे त्यातलं काही नाही.

१८६० पासून वेजवुडवाले तीन अक्षरं उठवत: पहिलं महिन्याचं, दुसरं कारागिराचं, तिसरं सालाचं. म्हणजे 'ओ' ऑक्टोबर. पण 'ए' १८७२ लाही येतो आणि सव्वीस अक्षरांचा फेरा संपला की १८९८ लाही. आयात मालावर तो कुठल्या देशाचा ते लिहायला लावणाऱ्या अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर 'इंग्लंड' लिहू लागले. आमच्या बशीवर ते नाही, म्हणून १८७२ म्हणावं, तर ती जोसायाचा पणतू गॉडफ्री आणि त्याचे भाऊ कारभार पाहत होते तेव्हाची ठरते.

माझी अडचण इथेच आहे. कायदा अमेरिकेचा, बशी आली मुंबईला. हिंदुस्थानात पाठवायच्या मालावरही तेव्हा 'इंग्लंड' उठवत होते का? की तो शब्द नसलेली भांडी इकडे १८९१ नंतरही येत राहिली?

कुणाकडे अशी जुनी वेजवुडची भांडी असतील, विशेषतः मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत, तर कृपया पाठीमागच्या ठशाचा फोटो टाका. तिन्ही अक्षरं वाचता येतील इतका जवळून हवा.