नदीत विषारी पाणी नेमके कोणी सोडले, हे सिद्ध कसे करायचे?

खाडीकाठचा_भोई यांचा प्रश्न:

नमस्कार. आमचे गाव कोकणातल्या एका नदीच्या काठी, खाडीच्या तोंडाजवळ आहे आणि वरच्या अंगाला पाच-सहा किलोमीटरवर रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. आमची तक्रार अजून प्रलंबित असल्यामुळे गावाचे, वसाहतीचे किंवा कोणत्याही कारखान्याचे नाव मी येथे लिहीत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला, त्या रात्री वसाहतीकडून येणाऱ्या पऱ्याचे (ओढ्याचे) पाणी तांबूस झाले आणि पहाटे डोहात शेंगट्या, बोई आणि कोळंबी पोट वर करून तरंगताना दिसली. आम्ही त्याच सकाळी दूरध्वनी केला. नमुने घेण्यासाठी माणसे आली ती तिसऱ्या दिवशी, आणि तोपर्यंत पुराच्या पाण्याने सगळे वाहून नेले होते. अहवालात पाणी मर्यादेत असल्याचे लिहून आले. कारखान्यांना विचारले तर ते म्हणतात की आमचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जाते. केंद्राला विचारले तर ते म्हणतात की कारखाने स्वतःची प्राथमिक प्रक्रिया न करताच पाणी पाठवतात. शिवाय या हिवाळ्यात दोनदा रात्री टँकर पऱ्याच्या पुलावर थांबून रिकामे झाल्याचे गावातल्या मुलांनी पाहिले आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. जिथे ऐंशी-नव्वद कारखान्यांचे पाणी एकाच नळातून येते, तिथे जबाबदारी कोणावर आणि कशी निश्चित होते? आणि समजा दंड झालाच, तर ज्या घरांत दोन महिने जाळे कोरडे राहिले आणि ज्या बायकांच्या पायांना मुळे (शिंपले) काढताना खाज सुटून फोड आले, त्यांच्या हातात त्यातले काही पडते का?

*

निवृत्त_नमुनेवाला यांचे उत्तर:

मी बरीच वर्षे पाण्याच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाची माझ्या बाजूची गोष्ट सांगतो.

तुम्ही बाटलीत भरून आणलेले पाणी आणि कायद्याने मान्य असलेला नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1974 च्या जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या कलम 21 प्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला तिथेच सूचना द्यावी लागते, त्याच्या समक्ष नमुन्याचे भाग करावे लागतात, त्यावर मोहोर आणि दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात आणि मग तो ठरलेल्या प्रयोगशाळेकडे विनाविलंब पाठवावा लागतो. यातली एक पायरी चुकली की पुढे फौजदारी खटल्यात तो नमुना टिकत नाही. खटले पडण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि ते वाचून तुम्हाला राग येईल, पण ती कार्यपद्धती तुम्हाला ठाऊक असेल तर नमुना घेताना तिथे उभे राहून ती पाळली जाते की नाही हे तुम्ही पाहू शकता.

तरीही तुमची बाटली वाया जात नाही. राष्ट्रीय हरित लवादावर, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायमंचावर, पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम बंधनकारक नाहीत, हे त्याच्या कायद्याच्या कलम 19 मध्ये स्पष्ट आहे. म्हणून मासे मेले त्याच तासाला ग्रामसेवक किंवा तलाठ्याला बोलावून पंचनामा करा, पऱ्या वसाहतीतून बाहेर पडतो तिथले, डोहाच्या वरचे आणि डोहाच्या खालचे अशा तीन ठिकाणचे पाणी घ्या, बाटल्या बर्फात ठेवा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा. तीन जागा महत्त्वाच्या आहेत, कारण एका जागेचा आकडा फक्त पाणी वाईट आहे एवढेच सांगतो. वाईटपणा कुठे सुरू झाला हे तीन जागांच्या तुलनेतून कळते. विरघळलेला प्राणवायू मात्र जागच्या जागीच मोजावा लागतो. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो आकडा बदललेला असतो.

आता तारखांविषयी, कारण लोक याच ठिकाणी चुकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात पर्यावरणीय भरपाई अशी काढतात: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा घटक, कारखान्याचा आकार आणि परिसरातली लोकसंख्या यांचा गुणाकार. लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी वर्गातल्या कारखान्याचा निर्देशांक 80, मोठ्या कारखान्याचा आकार 1.5 आणि रुपयांचा सुचवलेला घटक 250 धरला, आणि लोकसंख्येचा घटक 1 राहिला, तर दिवसाला 30,000 रुपये होतात. उल्लंघन एकाच दिवसाचे धरले तर भरपाई 30,000 रुपये, आणि साठ दिवसांचे धरले तर तीच रक्कम 18 लाख. कारखाना, विष आणि नदी तीच असताना फरक पडतो तो फक्त दिवसांच्या मोजणीमुळे, आणि ही मोजणी उल्लंघन अधिकृतरीत्या नजरेस आल्याच्या दिवसापासून सुरू होते. तुमची तक्रार तोंडी राहिली तर तो दिवस कुठेच उमटत नाही. प्रत्येक वेळी लेखी तक्रार करा, आवक क्रमांक घ्या आणि गावात एक वही ठेवा: तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, पाऊस होता की नव्हता, भरती की ओहोटी.

*

लवादातली_वकील यांचे उत्तर:

वरचे उत्तर फार मोलाचे आहे. मी कागदांच्या बाजूने लिहिते, कारण माझा अनुभव असा की एका नळातून येणाऱ्या पाण्यात गुन्हेगार ओळखू येत नाही, पण त्याच्या कागदपत्रांत तो ओळखू येतो.

त्याच जल कायद्याच्या कलम 25 च्या पोटकलम 6 प्रमाणे राज्य मंडळाने दिलेल्या प्रत्येक संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे आणि ज्याच्या हिताला त्या सांडपाण्याने बाधा येते त्याला ती पाहण्याचा अधिकार आहे. त्यात प्रत्येक कारखान्याला दिवसाला किती पाणी वापरायची आणि किती सांडपाणी बाहेर पाठवायची परवानगी आहे ते लिहिलेले असते. दुसरीकडे माहिती अधिकारात वसाहतीच्या पाणीपुरवठ्याची कारखानानिहाय बिले मागा, आणि तिसरीकडे प्रक्रिया केंद्राकडे त्या कारखान्याचे किती पाणी पोहोचले त्याची मोजमापे मागा. जो कारखाना नळाने भरपूर पाणी विकत घेतो आणि केंद्राकडे त्यातला लहानसा भागच पाठवतो, त्याला उरलेल्या पाण्याचा हिशोब द्यावा लागेल. उत्पादनात आणि बाष्पीभवनात काही पाणी खरोखर जाते, पण त्यालाही मर्यादा असते. अशी तफावत काढून ठेवली की ऐंशी-नव्वद नावांतून पाच-सात नावे उरतात.

प्रदूषणाची अधिक शक्यता असलेल्या सतरा उद्योगवर्गांना आणि सामायिक केंद्रांना 2014 पासून ऑनलाइन मापन यंत्रे बसवण्यास सांगितले गेले आहे. त्या रात्रीचे, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या आधीपासून दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंतचे आकडे मागा. यंत्र नेमके त्याच रात्री बंद पडल्याची नोंद मिळाली, तर तीही जपून ठेवा.

टँकरचा मुद्दा वेगळा आहे आणि माझ्या मते तुमच्या हातातला सर्वांत बळकट धागा तोच आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा कचरा कारखान्याच्या आवारात साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि तो बाहेर काढताना नमुना 10 चे सात रंगांच्या प्रतींचे वाहतूक पत्र लागते. त्यावर पाठवणारा, वाहून नेणारा आणि स्वीकारणारा अशा तिघांच्या सह्या असतात आणि स्वीकारणाऱ्याची प्रत पाठवणाऱ्याकडे परत यावी लागते. पुलावर रिकाम्या झालेल्या टँकरची ती प्रत एकतर नसते किंवा खोटी असते. म्हणून मुलांना सांगा की जवळ जाऊ नका, वास घेऊ नका, पण वाहनाचा क्रमांक आणि वेळ दुरून टिपा, आणि 112 वर कळवा.

कायद्याची वाट अशी आहे. जल कायद्याच्या कलम 49 प्रमाणे मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन कोणतीही व्यक्ती स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करू शकते, आणि तसे केल्यावर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागण्याचा तिला हक्क आहे, अर्थात सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर. दुसरी वाट पुण्यातल्या हरित लवादाच्या पश्चिम विभागीय पीठाची. तिथे स्वतः उभे राहता येते. मुदत मात्र विसरू नका: नुसत्या वादासाठी लवादाच्या कायद्याच्या कलम 14 खाली सहा महिने, भरपाई आणि नदीच्या पुनर्स्थापनेसाठी कलम 15 खाली पाच वर्षे. भरपाईसाठी तुमचा जून अजून हातचा गेलेला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच कलम 15 मध्ये आहे. भरपाईच्या मथळ्यांची एक अनुसूची कायद्याला जोडलेली आहे आणि तिच्यात धंद्याचे किंवा रोजगाराचे नुकसान जसे आहे तसेच जलचरांची हानीही स्पष्ट शब्दांत आहे. मात्र प्रत्येकाने आपली मागणी मथळ्यानुसार वेगळी दाखवावी लागते. भरपाई मागितली की मागणीच्या एक टक्का शुल्क पडते; दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदारांना ते माफ आहे. दंडाची रक्कम सरकारी खात्यात जाते आणि तिथून ती तुमच्या घरापर्यंत आपोआप येत नाही. पीडितांनी स्वतः मागितले नाही, तर लवाद ते कुठून देणार?

*

लघुउद्योजक_कोकण यांचे उत्तर:

मी एका औद्योगिक वसाहतीत लहान कारखाना चालवतो, आणि तुमच्या गावाचे जे झाले त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. एक बाजू मात्र मांडतो. आमच्यासारख्या लहान कारखान्यांनी दर महिन्याला प्रक्रियेचे पैसे भरलेले असतात, आणि केंद्राची क्षमता अपुरी पडून त्याचे पाणी मर्यादेबाहेर गेले तर दोष सर्वांच्या माथी सारखाच बसतो. जो प्रामाणिकपणे चुना टाकून आम्लता काढतो, गाळ वेगळा करतो, तो आणि जो रात्री झडप उघडतो तो, दोघांना एकाच पंक्तीत बसवल्याने झडप उघडणाऱ्याचेच फावते. त्यामुळे कारखानानिहाय हिशोबाचा जो आग्रह वर धरला आहे, तो आमच्याही हिताचा आहे असे मी मानतो.

*

लवादातली_वकील यांचे उत्तर:

आपले म्हणणे मला पटते, एका दुरुस्तीसह. सामायिक केंद्राला पैसे भरले की आपली जबाबदारी संपली, असे आता म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की स्वतःची चालू प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा नसलेल्या उद्योगाला काम सुरू ठेवता येणार नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रकरणातही, जे अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने म्हणजे मच्छीमारांनीच 2016 मध्ये लवादाकडे नेले होते, प्रक्रिया केंद्र आणि शंभराहून अधिक उद्योग यांच्यावर वेगवेगळी भरपाई बसवली गेली. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, हेही सांगितले पाहिजे, म्हणजे कोणाचा भ्रम राहू नये.

आणखी एक सावधगिरी. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या एका रसायन कंपनीवर लवादाने बसवलेली 25 कोटींची भरपाई रद्द केली, कारण ती कंपनीच्या उलाढालीकडे पाहून ठरवली होती आणि उलाढालीचा नुकसानीशी संबंध जोडलेला नव्हता. याउलट ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की प्रदूषण मंडळे स्वतःही जल कायद्याच्या कलम 33-अ खाली भरपाई वसूल करू शकतात, फक्त त्यासाठी नियम करून कार्यपद्धती ठरवावी. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर गावाच्या वहीचे महत्त्व कळते: किती मासे, किती घरे, किती दिवस, हे मोजलेले नसेल तर मोठा आकडा टिकत नाही.

*

उल्हासकाठी यांचे उत्तर:

टँकरच्या धोक्याविषयी दोनच गोष्टी सांगतो. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात रसायन ओतले गेले आणि एका रात्रीत शेकडो लोकांना श्वास घेता येईनासा होऊन रुग्णालयात न्यावे लागले. जानेवारी 2022 मध्ये सुरतजवळ सचिन येथे टँकरमधून खाडीत रसायन सोडले गेले, त्यातून उठलेल्या वायूने सहा कामगार गेले, आणि पोलीस तपासाचा माग थेट आपल्याकडच्या तळोज्यापर्यंत आला. म्हणून मुलांना पुलावर पहारा देऊ देऊ नका. मासे मेल्यावर पंचनामा करता येतो, पण मूल दगावले तर काय कराल?

उल्हास आणि वालधुनीसाठी लवादाने 2015 मध्ये प्रक्रिया केंद्रे आणि नगरसंस्थांवर मिळून सुमारे 95 कोटींची भरपाई बसवली होती. तेही प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. राजस्थानातल्या बिछडी गावाने तर याहून अधिक वाट पाहिली: एच-ॲसिड या रंगनिर्मितीच्या रसायनाच्या गाळाने विहिरी नासल्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, निकाल लागला 1996 मध्ये, आणि कारखानदारांनी टाळलेले 37 कोटींहून अधिक रुपये बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरा असे सर्वोच्च न्यायालयाला 2011 मध्ये पुन्हा सांगावे लागले. हे खचवण्यासाठी लिहीत नाही. इतक्या वर्षांच्या वाटेवर वही सांभाळणारा माणूस बदलतो, म्हणून ती एकाच्या घरी न ठेवता तिच्या दोन प्रती ठेवा.

*

खाडीकाठचा_भोई:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही देवळात बसलो होतो. वही आजपासून सुरू केली आहे आणि मागच्या जूनपासूनच्या तारखा ज्यांना आठवतात त्यांच्याकडून लिहून घेतो आहोत. दूरध्वनी केल्याची नोंद दोघांच्या मोबाइलमध्ये सापडली. मुलांना पुलावरून परत बोलावले आहे.

एक शंका राहिली. आमच्यातल्या बहुतेक घरांकडे होडीचा परवाना पुरुषांच्या नावावर आहे. मुळे आणि कालवे काढणाऱ्या बायकांच्या नावावर कोणताही कागद नाही. त्यांचे नुकसान मागायचे तर त्या हे काम करतात याचा पुरावा काय द्यायचा?

*

लवादातली_वकील यांचे उत्तर:

ग्रामसभेचा ठराव घ्या. त्यात प्रत्येक बाईचे नाव, ती कोणत्या भागात मुळे काढते आणि किती वर्षांपासून, हे लिहा. बाजारात ज्या व्यापाऱ्यांना त्या माल देतात, त्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा. ज्यांच्या पायांना फोड आले होते त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले असेल, तर केसपेपरवर तारीख आहे. ती तारीख आणि पऱ्याचे पाणी तांबूस झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवा. लवादाच्या कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे अपघाताच्या प्रकरणात कारखान्याचा निष्काळजीपणा सिद्ध करणे पीडितावर नसते, पण नुकसान झाले हे दाखवावे लागते, आणि ते दाखवायला या बायकांची स्वतःची तोंडी साक्षही चालते. त्यांची नावे अर्जात पुरुषांच्या नावांखाली जोडू नका, स्वतंत्र अर्जदार म्हणून घाला.