मदत हवी आहे: रुग्णालयाच्या भिंतींसाठी चित्रकाराकडून काम कसं करून घ्यावं? (शहादा, जि. नंदुरबार)

नमस्कार. मी शहादा भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या कार्यालयात काम पाहते. पन्नास खाटा आहेत. पेशंट बरेचसे धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याकडचे, पावरा आणि भिल्ल कुटुंबांतले. बाकीचे तापीकाठच्या गावांतले. नवीन मजल्यावर बाळंतिणींचा आणि लहान मुलांचा वॉर्ड होतोय. एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ तीन लाख रुपये दिलेत, तेही खास दवाखाना प्रसन्न दिसावा म्हणून. संस्थेत असं काम आधी कोणी करून घेतलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

सूचना भरपूर आल्यात. कोणी देवांची चित्रं म्हणतं, कोणी टीव्हीवरची कार्टून, कोणी सुविचार. वारली तर प्रत्येक जण सुचवतो. पण वारली चित्रं डहाणू-पालघरकडची. आमच्याकडे येणाऱ्या माणसांचं त्यात काय आहे? एका पेंटरने जागा न बघताच चौरस फुटाचा भाव सांगितला. ही भिंत कोण बघणार आणि कुठून बघणार, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. सिझर झालेली बाई पहिला दिवसभर छताकडे बघत पडलेली असते. जुन्या वॉर्डात ट्यूबलाइट बरोबर डोळ्यांवर येते, बायका भरदिवसा पदर तोंडावर ओढून घेतात. फिनलंडमधल्या पाइमिओचं क्षयरोग रुग्णालय १९३३ मध्ये पूर्ण झालं. वास्तुकार अल्वार आल्तो यांनी तिथे खोल्यांची छतं मुद्दाम गडद हिरवी केली आणि दिवा झोपलेल्या माणसाच्या नजरेत येणार नाही असा बसवला. नव्वद वर्षांपूर्वी तिथे हा विचार झाला, तर आपल्याकडे आज व्हायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे वाट सापडणं. परवा एक आजी केसपेपर हातात धरून दारोदार थांबत होत्या. वाचता येत नव्हतं, म्हणून कागदावरच्या अक्षराचा आकार पाटीवरच्या अक्षराशी जुळवून बघत होत्या. कागद इंग्रजीत, पाटी मराठीत, जुळणार कसं? त्यावरून मनात आलं की प्रत्येक विभागाला एक चित्र द्यावं: मोर, ढोल, केळीचं पान, मासा. तोच शिक्का केसपेपरवर मारला की "मोराच्या दाराशी जा" एवढं सांगितलं तरी पुरे. (तीरकामठा इथल्या माणसांचा खरा, पण ते निवडणूक चिन्ह आहे, म्हणून तो बाजूला ठेवला.)

विश्वस्तांपुढे ठेवायला माझ्याकडे अमेरिकन संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी नोंदींवरून तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, झाडंवाल्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. पण ती खरी झाडं होती. चित्रांबद्दल असं काही आहे का?

चित्रकार कसा निवडावा, करारात काय असावं, आणि रोज फिनेल नि क्लोरीनने पुसली जाणारी भिंत टिकवायची कशी, एवढं कोणी सांगितलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद: सातपुडा_पायथा
ताई, मी वास्तुविशारद आहे. पहिला खर्च दिव्यांवर करा. ट्यूबलाइट खाटेच्या वरून काढून भिंतीवर, छताकडे तोंड करून लावा, उजेड छतावरून परत खाली येऊ दे. मग ओल बघा. ओलीच्या भिंतीवर कितीही चांगला चित्रकार आणला तरी एका पावसाळ्यात पोपडे येतात.
खाटेच्या बाजूची भिंत चार फुटांपर्यंत टाइल्सचीच करा, रंग वरच्या भागात. मूळ चित्र दिलं की गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल कारखान्यांकडून टाइल्सवर छापून मिळतं. पुसायला सोपं, आणि चित्र जात नाही. रंग घेताना शिशाचं प्रमाण विचारा. घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. लहान मुलं भिंतीला हात लावून तोंडात घालतात, म्हणून डबा स्वतः वाचा.
चित्रांबद्दल: उलरिच यांनीच पुढे स्वीडनमध्ये उप्साला इथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसमोर चित्रं लावून पाहिली. पाणी आणि झाडांचं मोकळं दृश्य असलेल्यांची घालमेल कमी झाली. अमूर्त चित्राने उलट त्रास वाढला.

प्रतिसाद: धुळ्याची_सिस्टर
नवजात बाळांच्या खोलीत पिवळा किंवा निळा रंग अजिबात नको. भिंतीचा रंग बाळाच्या अंगावर पडतो, कावीळ किंवा निळेपणा ओळखताना फसगत होते. तिथे पांढरट, फिका रंगच ठेवा.
मुलांच्या वॉर्डात मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढू नका, रात्रीच्या मंद दिव्यात मुलं घाबरतात. आणि सलाइन लावताना मूल हात आमच्याकडे देऊन तोंड दुसरीकडे फिरवतं. ते तोंड जिकडे वळतं ती भिंत मोकळी सोडू नका. झाडात लपलेले पक्षी काढा, आई त्याला मोजायला लावेल. तेवढ्यात आमची सुई जाते.

प्रतिसाद: कुंचला_जळगाव
स्केच फुकट मागू नका, ही पहिली विनंती. दोन-तीन चित्रकारांना बोलवा, वॉर्ड दाखवा, शक्य असेल तर खाटेवर आडवं होऊन बघायला सांगा. प्रत्येकाला कच्च्या रेखाटनाचं मानधन द्या, मग एकाला काम द्या. पैसे टप्प्याटप्प्याने: सुरुवातीला, एक भिंत नमुन्यादाखल पूर्ण झाल्यावर, आणि शेवटी.
कार्टून नको, त्या पात्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात.
करारात दोन गोष्टी हव्यातच. एक, तेच चित्र शिक्क्यावर, टाइलवर, पत्रकावर वापरायची परवानगी. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, कायद्याने काम देणाऱ्याचा असतो; तरी पुढे वाद नको म्हणून लिहून घ्या. दोन, पुढे भिंत पाडायची किंवा रंगवायची झाली तर चित्रकाराला आधी कळवायचं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं; २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला उरलेले भाग त्यांना परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला लावली.
बाकी तुमना इचार भारी शे, ताई. फक्त मोर-ढोल आपण ऑफिसात बसून ठरवू नका.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. दिव्यांचा मुद्दा उद्याच्या बैठकीत पहिला घेते. पक्षी मोजायची कल्पना आमच्या सिस्टरना वाचून दाखवली, त्यांनी लगेच भिंत दाखवली.
कुंचला, पटलं. आमच्या वॉर्डातल्या एक मावशी पावरी बोलतात. पाच-सहा कच्ची चित्रं बाळंतिणींसमोर आणि त्यांच्या सासवांसमोर ठेवून त्याच विचारतील: हे काय आहे, आणि यातलं कुठलं जवळ असलेलं आवडेल. पहिल्या नजरेत ओळखता आलं नाही ते चित्र शिक्क्यात घ्यायचं नाही.
धडगाव-तळोदा भागातले पावरा किंवा भिल्ल चित्रकार, नाहीतर एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलेली मुलं-मुली कोणाच्या ओळखीची असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रेखाटनाचं मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च संस्था देईल.