‘फुलफॉर्म सांगा’ फेरी: त्या गुणांचं काय?

पाठवणार: संघ सातची कर्णधार
विषय: शनिवारची तिसरी फेरी

स. न. वि. वि.

मराठी मंडळांच्या प्रश्नमंजूषेसाठी वेगवेगळ्या देशांतल्या संघांना एका वेळी एका पडद्यासमोर बसवून तीन तास खिळवून ठेवणं सोपं नाही. प्रश्नसमितीचे मनापासून आभार. तरीही ‘फुलफॉर्म सांगा’ या तिसऱ्या फेरीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि आपापसांत कुजबुजण्यापेक्षा इथे सगळ्यांसमोर लिहिलेलं बरं.

प्रश्न होता, ‘आयएसटी म्हणजे काय?’ आमच्या संघातला मुलगा आयर्लंडमध्ये लहानाचा मोठा झालाय. उत्तरासाठीच्या वीस सेकंदांतली चार-पाच सेकंदंही गेली नसतील, त्याने टाइप केलं, ‘आयरिश स्टँडर्ड टाइम’. पडद्यावर लाल फुली आली. समितीच्या उत्तरांच्या तक्त्यात होतं ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’. त्याचं उत्तर चुकलेलं नव्हतं. १९६८ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये उन्हाळ्यातली वेळ हीच ‘स्टँडर्ड टाइम’ ठरलेली आहे. इस्रायलची प्रमाणवेळही हीच तीन अक्षरं वापरते. ग्रिनिचपासून भारत साडेपाच तास पुढे, इस्रायल दोन तास, आयर्लंड उन्हाळ्यात एक तास. प्रश्नात देशाचा पत्ताच नव्हता, मग फुली कशाच्या जोरावर?

दुसरा प्रश्न नाटो या लष्करी संघटनेच्या फुलफॉर्मचा. संघातली मुलगी फ्रेंच शाळेत शिकते. हा करार १९४९ चा, सुरुवातीला १२ देश होते, हे तिला पाठ आहे. पण तिच्यासाठी ती संघटना ‘ओटान’ आहे. फ्रेंचमध्ये शब्दांचा क्रम उलटतो, त्यामुळे अक्षरंही अगदी शेवटून सुरुवातीकडे येतात. तिने फ्रेंच नाव पूर्ण लिहिलं, एकही शब्द न चुकता. निवेदकांनी सांगितलं, इंग्रजीतच हवं. खेळ संपल्यावर तिने मला विचारलं, ‘मला येत होतं ना, मग शून्य का?’ मला उत्तर देता आलं नाही. समितीला देता येत असेल तर तिला मी ते वाचून दाखवीन.

—

पाठवणार: प्रश्नसमिती (तिसरी फेरी)
विषय: उत्तर: शनिवारची तिसरी फेरी

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग थोडा रागही आला, तो लपवत नाही. ही फेरी मी तीन रात्री बसून काढली होती.

आयएसटीबद्दल: स्पर्धा मराठी मंडळांची, तेव्हा भारताचीच वेळ सगळ्यांच्या मनात येईल असं मी धरून चाललो. नाटोबद्दल: उत्तराची एक भाषा ठरवली नाही तर वीस सेकंदांत गुण कसे द्यायचे? मला फ्रेंच येत नाही.

आणि एक मोठा मुद्दा. कुठलाही प्रश्न कुणाला तरी जवळचा आणि कुणाला तरी लांबचाच असणार. नद्यांवर विचारलं तर नदीकाठच्याला सोपं. सगळ्यांना सारखंच सोपं किंवा सारखंच अवघड असं काही काढायला गेलं तर हातात काही उरत नाही. शिवाय सगळे फुलफॉर्म घोकंपट्टीचे नसतात. ‘लेझर’ घ्या. ‘लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन’ या नावातच ते यंत्र कसं चालतं ते लिहिलेलं आहे: बाहेरून चेतवलेल्या अणूंकडून प्रकाश बाहेर काढायचा आणि तो वाढवत न्यायचा. ज्याला हे समजलंय तो शब्द विसरला तरी जुळवत जुळवत उत्तरापर्यंत पोचतो. असे प्रश्नही कचऱ्यात टाकायचे का?

—

पाठवणार: एक सभासद (रुग्णालयात परिचारिका)
विषय: उत्तर: शनिवारची तिसरी फेरी

थोडक्यात लिहिते, ड्यूटीवर जायचंय.

आमच्याकडे ‘एमएस’ लिहिलं तर ते मॉर्फिन सल्फेट असू शकतं, मॅग्नेशियम सल्फेट असू शकतं, मल्टिपल स्क्लेरॉसिस हा आजारही असू शकतो. दोन औषधांतली गफलत जिवावर बेतते. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरायचेच नाहीत अशा संक्षेपांची यादी काढली. त्यात ‘एमएस’ आहे. ‘युनिट’साठी लिहिलेलं नुसतं ‘यू’ हे अक्षरही आहे, कारण घाईत ते शून्यासारखं किंवा चारासारखं वाचलं जातं.

‘एमएस म्हणजे काय’ असं कुणी मला विचारलं तर माझा पहिला प्रश्न हाच असतो, ‘कुठल्या कागदावर लिहिलंय?’ प्रश्नमंजूषेतही तो कागद दाखवायला हवा.

—

पाठवणार: ज्येष्ठ सभासद (निवृत्त रेडिओ ऑफिसर, व्यापारी जहाजं)
विषय: उत्तर: शनिवारची तिसरी फेरी

तुझा राग समजतो रे. प्रश्न काढणाऱ्याचे कष्ट कुणाला दिसत नाहीत, चूक तेवढी दिसते. पण आता मी तुझी आणखी एक चूक दाखवणार आहे, आणि तिचा आंतरराष्ट्रीय असण्या-नसण्याशी काहीच संबंध नाही.

‘एसओएस’चं उत्तर तू ‘सेव्ह अवर सोल्स’ दिलंस. एसओएसला फुलफॉर्म नाही. १९०६ साली बर्लिनच्या रेडिओ परिषदेत ती संकटाची खूण म्हणून ठरली, १९०८ पासून लागू झाली. निवडली ती मोर्स लिपीतल्या नादासाठी: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. आम्ही ती पाठवताना अक्षरांमध्ये जागाही सोडत नसू, सलग एकच नाद. वादळात, कानात खरखर भरलेली असतानाही तो ओळखू येतो. ‘आमचे प्राण वाचवा’ हा अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला. शनिवारी एका संघाने ‘फुलफॉर्म नाही’ असं लिहिलं होतं. त्यालाही फुली मिळाली.

असे मागाहून चिकटवलेले फुलफॉर्म आपल्याकडे शाळेपासून फिरतात. ‘कॉम्प्युटर’चा तो लांबलचक फुलफॉर्म कितीजणांनी वहीत उतरवून घेतला असेल! तो शब्द ‘कॉम्प्युट’ म्हणजे गणना करणं यावरून आलाय, संपलं. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हेही तसंच. आपण मराठी माणसं फुलफॉर्म पाठ करण्यात तरबेज, आणि त्यापायी खोटेही तितक्याच आवडीने पाठ करतो.

आता माझ्या कामातली गोष्ट सांगतो, कारण या वादाचं मूळ मला तिथेच दिसतं. बोटीवर आम्ही क्यू-कोड वापरत होतो. क्यू या अक्षराने सुरू होणारे तीन-तीन अक्षरांचे संकेत. पहिले ब्रिटिशांनी केले, १९१२ च्या लंडन परिषदेत ते सगळ्या देशांनी घेतले. ‘क्यूटीएच’ पाठवून पुढे प्रश्नचिन्ह लावलं की ‘तुमचं अक्षांश-रेखांश सांगा’. तेच प्रश्नचिन्हाशिवाय पाठवलं की ‘माझं स्थान असं असं’. ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसरं कुणी मध्ये घुसतंय, नीट ऐकू येत नाही. यातल्या एकाही अक्षराचा फुलफॉर्म नाही. तो मुद्दामच नाही. मध्यरात्री पलीकडच्या बोटीवर जपानी ऑपरेटर असो नाहीतर रशियन, त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची. मी ‘क्यूटीएच’ आणि प्रश्नचिन्ह पाठवायचो, आणि लगेच आकडे यायला लागायचे. ती तीन अक्षरं त्याची जेवढी, तेवढीच माझी. बोटीचं स्थान नकाशावर लावून झालं की मी हेडफोन काढून दोन मिनिटं नुसता बसून राहत असे, इतकं बरं वाटायचं.

म्हणून सांगतो, संक्षेपाचा अर्थ वेगळा आणि त्याचा फुलफॉर्म वेगळा. अर्थ जगभर एक असू शकतो. फुलफॉर्म कुठल्यातरी एका भाषेचाच असतो. त्या मुलीला नाटोचा अर्थ ठाऊक होता; तू तिला इंग्रजी शब्द विचारलेस, आणि गुण मात्र ज्ञानाचे कापलेस.

हीच अडचण मोठमोठ्या संस्थांना आलेली आहे. ‘कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम’ या जागतिक वेळेच्या संक्षेपात इंग्रजी क्रमाने ‘सीयूटी’ झालं असतं, फ्रेंच क्रमाने ‘टीयूसी’. शेवटी ‘यूटीसी’ घेतलं, जे दोन्ही भाषांच्या क्रमात बसत नाही. ‘यूटीसीचा फुलफॉर्म’ विचारणं पुस्तकी आहे. ‘यूटीसीत अक्षरं अशी उलटसुलट का?’ हा खरा प्रश्न, आणि तो कुठल्याही देशातल्या पोराला डोकं लावून सोडवता येतो.

‘पिन’चंही तेच. तुझ्या तक्त्यात फक्त ‘पोस्टल इंडेक्स नंबर’. बाहेर वाढलेल्या मुलांसाठी पिन म्हणजे बँकेचा, पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर. दोन्ही बरोबर. तुला टपालाचाच हवा होता तर असं विचार: ‘१५ ऑगस्ट १९७२ ला भारताच्या टपाल खात्याने सहा आकडी पिन सुरू केला. ही पद्धत आखणारा अधिकारी संस्कृत कवीही होता. कोण?’ श्रीराम भिकाजी वेलणकर. हे नाव आपल्यापैकी किती जणांना येईल बघ! मुलांना येणार नाही असं म्हणशील. पण ज्याला येणार नाही त्याला निदान काय विचारलंय ते कळेल.

—

पाठवणार: प्रश्नसमिती (तिसरी फेरी)
विषय: उत्तर: शनिवारची तिसरी फेरी

काका, एसओएसची चूक पूर्णपणे माझी. उत्तर तपासून न पाहता घेतलं. त्या संघाची माफी मागतो. राग पहिल्या पत्राबरोबर संपला होता, आता नाही.

रविवारी सगळे प्रश्न पुन्हा काढून बसलो. प्रत्येकापुढे स्वतःलाच विचारलं, हा दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेत शिकलेल्या मुलाने वाचला तर त्याला काय दिसेल? पंधरापैकी सहा टिकले. ‘लेझर’ आणि ‘स्कूबा’ (पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र) टिकले, आणि ते मी ठेवणारच. तिथे उत्तर जुळवता येतं, आणि ते फ्रेंचमध्ये किंवा मराठीत समजावून सांगितलं तरी पूर्ण गुण देईन. अमेरिकेच्या टपालाच्या ‘झिप’ कोडचा प्रश्न काढून टाकला. १९६३ च्या त्या योजनेचं नाव ‘झोन इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ होतं हे तिथे जन्म गेलेल्यालाही ठाऊक असेलच असं नाही, आणि डोकं लावून ते सापडणारही नाही.

फुटबॉलच्या फिफाचं मात्र मलाच नवल वाटलं. नाव फ्रेंच आहे, संस्था १९०४ मध्ये पॅरिसला स्थापन झाली, आणि माझ्या तक्त्यात मी इंग्रजी भाषांतर लिहून ठेवलं होतं. त्यात अक्षरंही जुळत नव्हती. शनिवारी ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. ताईंच्या संघातल्या त्या मुलीने तिथे फ्रेंच लिहिलं असतं तर तिचं बरोबर आणि माझं चूक असताना मी तिला फुली दिली असती. ताई, तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: तिला येत होतं. विचारणाऱ्याला येत नव्हतं.

काका म्हणतात तसे फक्त अर्थाचेच प्रश्न घ्यावेत, हे मला अजून पटत नाही. एखादं नाव कसं घडलं ते शोधण्यात मजा आहे आणि मुलांनाही ती येते. पण यापुढे प्रश्नात क्षेत्र किंवा देश लिहिलेला असेल, आणि कुठल्याही भाषेतलं बरोबर नाव चालेल. ते तपासायला प्रत्येक भाषेचा एक जाणकार हवा. ताई, फ्रेंचसाठी तुमच्या संघातली ती मुलगी खेळण्याऐवजी परीक्षक म्हणून बसेल का, विचारून कळवा. जर्मन आणि स्पॅनिशसाठी कुणी असेल तर याच पत्राला उत्तर द्या.

ता. क. आयएसटी, नाटो आणि एसओएसचे प्रत्येकी दोन गुण तक्त्यात वाढवले आहेत. पहिला क्रमांक बदलत नाही. दुसरा बदलतो, संघ सात.