बाबांनी माझ्यासाठी पिटिशन केलं होतं, आता बाबा नाहीत. पुढे काय करता येईल?

सांजवात:

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, कारण कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाहीये.

माझे बाबा अमेरिकन सिटिझन होते, भावाकडे डॅलसजवळ राहायचे. २०१२ मध्ये त्यांनी माझ्यासाठी आय-१३० (नातेवाईकाला ग्रीन कार्डवर बोलावण्याचा अर्ज, म्हणजेच पिटिशन) भरला, विवाहित मुलगी म्हणून, म्हणजे एफ-३ या गटात. २०१५ ला तो ॲप्रूव्ह झाला. तेव्हापासून दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन (रांगेत कोणत्या तारखेपर्यंत नंबर आला ते सांगणारं पत्रक) बघायचं काम बाबांचं. त्यांच्या वहीत प्रत्येक महिन्याची तारीख पेनाने लिहिलेली आहे. शेवटची नोंद जानेवारीची. फेब्रुवारीत ते गेले.

मी, नवरा आणि मुलगी पुण्यात आहोत. मुलगी अठरा वर्षांची. आई ग्रीन कार्डवर आहे, भाऊ सिटिझन आहे. पिटिशन आता संपलं का? आई किंवा भाऊ बाबांच्या जागी उभे राहू शकतात का? इथल्या एका एजंटने सांगितलं, "कुणाला काही कळवू नका, नंबर लागला की मुलाखत देऊन मोकळ्या व्हा." माझं मन धजावत नाही. या प्रकारचं काम खरंच केलेला वकील कसा शोधायचा, तेही सांगा.

उंबरठा:

सांजवात, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. ती वही जपून ठेवा.

आधी एजंटचं. त्याचं अजिबात ऐकू नका. पिटिशन करणारा हयात आहे का, हा प्रश्न मुलाखतीत येतो. तिथे लपवलंत तर ती खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवण्यात मोडते आणि त्याची बंदी आयुष्यभराची असते. आज जे वाचण्याजोगं आहे, तेही हातचं जाईल.

आता मुद्द्याचं. यात दोन गोष्टींवर सगळं ठरतं: बाबा गेले त्या दिवशी पिटिशन ॲप्रूव्ह झालेलं होतं की पेंडिंग, आणि त्या दिवशी तुमचं राहतं घर अमेरिकेत होतं की बाहेर. तुमचं ॲप्रूव्ह झालेलं होतं आणि तुम्ही भारतात होतात. कायद्याने ते पिटिशन बाबांच्या निधनाबरोबर आपोआप रद्द झालं. पण ॲप्रूव्ह झालेलं असल्यामुळे एक दार उघडं आहे, त्याला ह्युमॅनिटेरियन रीइन्स्टेटमेंट म्हणतात, म्हणजे रद्द झालेलं पिटिशन माणुसकीच्या कारणाने पुन्हा चालू करणं. पेंडिंग असतं आणि तुम्ही भारतात असतात, तर हेही नसतं.

माझ्या नवऱ्याच्या बाबतीत हे झालंय. सासूबाई सिटिझन होत्या. या मागणीसाठी वेगळा फॉर्म नाही, फीही नाही. ज्या यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) ऑफिसने पिटिशन ॲप्रूव्ह केलं, तिकडे पत्र लिहायचं. सोबत ॲप्रूव्हलची नोटीस (आय-७९७), मृत्यूचा दाखला, आणि नव्या स्पॉन्सरचा आय-८६४ (आर्थिक हमीचा फॉर्म). मागणी तुम्हीच करायची, कारण तुम्ही मुख्य लाभार्थी आहात. तुमच्या भावाचा रोल इथे येतो. आर्थिक जबाबदारी घेणारा 'सब्स्टिट्यूट स्पॉन्सर' जवळच्या नात्यातला लागतो: आई-वडील, भाऊ-बहीण, सासू-सासरे, मेव्हणा, वहिनी, आजी-आजोबा, अशी ठरलेली यादी आहे. चुलत-मावस भावंडं, काका-मामा चालत नाहीत. तो सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला हवा, अठरा वर्षांच्या वरचा, आणि त्याचं उत्पन्न गरिबीरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. त्यात त्याच्या घरच्यांबरोबर तुम्ही तिघंही मोजले जाता, हे विसरू नका.

मात्र हा हक्क नाही. देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात असतं आणि नकार आला तर अपील नाही. म्हणून पत्रात जीव ओता. अमेरिकेतल्या घरच्यांवर काय परिणाम होतोय, कुणाचं वय झालंय, कुणाचं आजारपण आहे, फाइल किती वर्षं रखडली, हे सगळं विचारात घेतात. आमचं पहिलं पत्र नुसत्या दुःखाने भरलेलं होतं. वकीलबाईंनी ते परत केलं आणि म्हणाल्या, "प्रत्येक वाक्यामागे एक कागद लावा." नणंदेचा मुलगा ऑटिस्टिक आहे, सासूबाईच त्याला सांभाळायच्या. मग त्याच्या शाळेचं पत्र, डॉक्टरांचे रिपोर्ट, नणंदेच्या रात्रपाळीचं वेळापत्रक असं सगळं जोडलं. पत्र तीन पानांचं आणि पुरावे बोटभर जाड. उत्तर यायला खूप वेळ लागला, पण होकार आला आणि जुनी प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) शाबूत राहिली.

तुमची आई आता भावाकडे एकटी पडली असेल. तिची तब्येत, औषधं, तिला कोण बघतं, हे लिहा.

पाऊलवाट:

आई बाबांची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट करते. ग्रीन कार्डवाल्यांना विवाहित मुलांसाठी पिटिशन करता येत नाही. त्या सिटिझन झाल्या तर करता येईल, पण ते नवं पिटिशन, नवी तारीख. दुसऱ्या माणसाच्या अर्जाला बाबांची २०१२ ची तारीख जोडता येत नाही. भावाने एफ-४ (सिटिझनने भावंडासाठी करायचं पिटिशन) आजच भरून ठेवावा असं मला वाटतं. रांग दोन दशकांच्या घरातली आहे, तरी हाताशी असू द्या. त्याने रीइन्स्टेटमेंटला बाधा येत नाही.

माझी गोष्ट वेगळी झाली. बाबा ग्रीन कार्डवर होते, मी अविवाहित, शिकागोला नोकरी करत होते, एफ-२बी (ग्रीन कार्डवाल्याच्या मोठ्या, अविवाहित मुलांचा गट) पेंडिंग. बाबा सुट्टीला साताऱ्याला आले आणि तिथेच गेले. मीही त्या दिवशी त्यांच्या उशाशी होते. मला वाटलं, भारतात असल्यामुळे सगळं गेलं. पण २०४(एल) हे कलम, जे ऑक्टोबर २००९ मध्ये आलं आणि निधनानंतरही पिटिशन चालू ठेवू देतं, ते राहतं घर कुठे होतं ते बघतं, त्या दिवशी पाय कुठे टेकले होते ते नाही. घराचा करारनामा, पगाराच्या स्लिपा, वीजबिल दिलं आणि पेंडिंग असूनही पिटिशन ॲप्रूव्ह झालं. पुढेही तिथेच राहत असायला लागतं.

चिंचेचं_झाड:

आमचं उलटं आहे. आत्याने बाबांसाठी एफ-४ केलं होतं, ॲप्रूव्हही झालं. आत्या आहे, बाबा गेले. आई, मी आणि भाऊ, आम्ही सगळे नाशिकला. आम्हाला रीइन्स्टेटमेंट मागता येईल का?

उंबरठा:

नाही हो, फार वाईट वाटतं सांगताना. रीइन्स्टेटमेंट पिटिशन करणारा गेला तर असतं, आणि मागायचं मुख्य लाभार्थ्याने. तुमच्याकडे मुख्य लाभार्थी बाबाच होते, तुम्ही त्यांच्या मागून येणारे. भाच्यांसाठी आत्याला वेगळं पिटिशन करता येत नाही. बाबा गेले तेव्हा तुमच्यापैकी कुणी अमेरिकेत शिकत वगैरे राहत असतं, तर २०४(एल) बघता आलं असतं. यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

सांजवात, वकिलाचं राहिलं. अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशनची यादी ऑनलाइन आहे, तिथून सुरुवात करा. ज्या राज्याचा परवाना आहे म्हणतात, त्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संघटनेच्या) साइटवर तो खरंच चालू आहे का बघा. मग सरळ विचारा, "रीइन्स्टेटमेंटच्या किती मागण्या तुम्ही स्वतः लिहिल्या?" आय-१३० रोज भरणारे पुष्कळ आहेत, हे काम केलेले कमी. आणि मुलीचं वय पहिल्याच भेटीत काढा. एकविसाव्या वर्षाचं (त्यापुढे मूल आई-बाबांच्या अर्जात धरत नाहीत) गणित करताना पिटिशन जितके दिवस पेंडिंग होतं, तेवढे वजा होतात. तुमची तीनेक वर्षं त्यात धरता येतील, ती कामाची आहेत.

सांजवात:

तुम्हा दोघींचे कसे आभार मानू कळत नाही. काल रात्री भावाला फोन केला. बाबांच्या कपाटात पिवळ्या पाकिटात आय-७९७ मूळ प्रत सापडली, वर त्यांच्या अक्षरात माझं माहेरचं नाव. भाऊ सोमवारी मृत्यूच्या दाखल्याच्या आणखी प्रती काढतोय आणि एफ-४ पण भरतोय. आईच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून पत्र मागवलं आहे. दोन वकिलांशी वेळ ठरवली आहे, तो किती मागण्या लिहिल्या हा प्रश्न वहीत पहिला लिहिलाय. बाबांच्याच वहीत, जानेवारीच्या नोंदीखाली.