'प्रीती' आणि 'सेवा' हे शब्द पोरांना कसे समजवायचे?

सदरवाला:
मंडळी, मदत पाहिजे. इथं नागपुरात सदर भागातल्या एका चर्चच्या संडे स्कूलमध्ये सात-आठ वर्षांच्या पोरांना शिकवतो. मागच्या रविवारी बायबलमधल्या मत्तय पुस्तकाचा 22वा अध्याय घेतला, येशूला विचारतात सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, तो सांगतो देवावर प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. म्हटलं ह्याच्याहून सोपा धडा नाही, तर एक पोरगा म्हणते "सर, प्रीती तर आमच्या बेंचवर बसते" अन् अख्खा वर्ग हसून राहिला. खरंच हा शब्द आता चर्चमध्ये नाहीतर लग्नपत्रिकेतल्या 'प्रीतिभोजा'तच उरला. 'सेवा'चं पण तेच. रविवारची सर्व्हिस म्हणजे उपासना, अन् घरी "बाबा सर्व्हिसले आहे" म्हणजे नोकरी. काय सांगू त्यांना?

शब्दवेडा:
प्रीती, प्रेम, प्रिय सगळे एकाच 'प्री' धातूतले, त्यामुळे 'प्रेम' म्हटलं तरी बिघडत नाही. फक्त एक गंमत बघा, आपल्याकडे प्रेम 'असतं', 'होतं', 'बसतं', आपोआप झाल्यासारखं. आज्ञेत मात्र 'कर' आहे, म्हणजे मनात आलं नाही तरी करायचंच. आणि दोन्ही आज्ञा जुन्याच, बायबलच्या जुन्या करारातल्या, 'अनुवाद' पुस्तकात 6:5 आणि 'लेवीय' पुस्तकात 19:18. ज्यू परंपरेत आज्ञा मोजतात 613, अन् येशूनं म्हटलं सगळं नियमशास्त्र ह्या दोनांवर आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द 'टांगलेलं' असा आहे. खुंट्या दोनच, सामान कितीही.

वऱ्हाडी माणूस:
भुकेल्याले अन्न, तहानलेल्याले पाणी, हे तर आमच्या गाडगेबाबांचं हो! मत्तय 25 वाचला तेव्हा मीच चाट पडलो. पोरांले तेच सांगा नं, धातू-बितू कायले.

शब्दवेडा:
भाऊ, धातू पण कामाचा असते कधी कधी :) 'सेवा' अन् 'सेवन' एकाच 'सेव्' मधून आले, त्याचा एक जुना अर्थ जवळ राहणं. ग्रीकमध्ये तर अजून मजा, सेवकाला शब्द आहे 'दियाकोनोस', त्यावरूनच चर्चमधला डीकन. पण हा शब्द जेवण वाढणाऱ्यालाही वापरत, म्हणजे आपला पंगतीतला वाढपी. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये भांडणच त्याचं आहे, रोजच्या वाटपात काही विधवा सुटून राहिल्या होत्या, मग सात माणसं नेमली. लूक 22 मध्ये तर येशू शेवटच्या जेवणाला विचारतो, मोठा कोण, जेवायला बसलेला की वाढणारा? अन् म्हणतो मी तुमच्यात वाढणाऱ्यासारखा आहे. आता 'सेवक' म्हटलं की आपल्याला स्टेजवरच्या खुर्च्या आठवतात, तो भाग सोडा.

मेकोसाबाग:
वाढपीवरून आमच्या मावशी आठवल्या. शेजारच्या काकूंचे मिस्टर पॅरालिसिसनं पडले तेव्हापासून मावशी रोज दुपारी डबा घेऊन जातात, वरण-भात अन् एखादी भाजी, उन्हाळ्यात कांद्याची चटणी. डबा दोघींचा असते. कारण काकू एकट्या असल्या तर जेवतच नाहीत, नवऱ्याला भरवतात अन् स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवतात, म्हणून ह्या तिथंच बसून दोघींचं वाढतात. मी एकदा म्हटलं मावशी किती सेवा करता तुम्ही, तर म्हणे "कायची सेवा बाप्पा, जेवाले जातो मी."

सदरवाला:
बस, मिळालं. ह्या रविवारी फळ्यावर काहीच लिहीत नाही. चिवडा अन् संत्री आणतो, प्रत्येकानं आधी बाजूच्याला वाढायचं, स्वतःच्या ताटात हात घालायचा नाही, कोणी सुटलं तर पोरंच ओरडतील. सुरुवात बेंचवरच्या प्रीतीपासून करतो :)